पुढच्या वेळी नकारपत्र लिहू नका, ताई

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षं उपशिक्षिका आहे, वर्ग पहिली ते चौथी. मुख्याध्यापकपदाची पदोन्नती एकदा आली होती, घरच्या अडचणीमुळे नाकारली. मुलगी डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे शाळा चालवायची आहे. मला हिशेबाची आणि गावच्या पुढाऱ्यांची धास्ती वाटते. तिला या वाटेला जाऊ द्यावं का?

उत्तर : ताई, विचारलंत मुलीबद्दल, पण पत्रात तुम्हीच जास्त आहात. म्हणून आधी तुमचं बोलू.

घरची अडचण कोणती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक शिक्षिका मला एकच सांगतात : शाळा लांबची मिळते, एसटीच्या दोनच फेऱ्या, घरी म्हातारी माणसं. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर घरात बोलायचं ते ज्येष्ठता यादी लागण्याआधी. आदेश हातात पडल्यावर दोन दिवसांत कुणाचंच घर बदलत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर रोकडवही, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची (शाळेची सरकारी आकडेवारी) माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त ही कामं अवघड नाहीत, तुम्हाला अनोळखी आहेत. कारण शाळेत ती न विचारता गुरुजींकडे जातात आणि बाईंच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत, गॅदरिंग येतं. वर पुन्हा ‘बायकांना कागदपत्रं जमत नाहीत’ हे ऐकायचं! याचा मला मनापासून राग येतो. यंदा पोषण आहाराचा हिशेब स्वतःहून मागून घ्या. महिनाअखेरीला तांदळाची शिल्लक वहीशी जुळली की निम्मी भीती जाईल.

पुढाऱ्यांना एकट्यानं तोंड द्यायचं नसतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. त्या आयांना तुम्ही २२ वर्षं ओळखता, काही तर तुमच्याच विद्यार्थिनी असतील. सभेत त्या नुसत्या सहीपुरत्या न येता बोलू लागल्या, की ठरावाचा सूर बदलतो.

आता लेक. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, पवित्र या सरकारी पोर्टलवरून भरती, त्यानंतर तीन वर्षं शिक्षण सेवक, महिन्याला मानधन १६,००० रुपये. ही वाट तिला आजच स्पष्ट सांगा. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५०च्या वर असेल तरच कायद्यानं स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. त्यामुळे द्विशिक्षकी शाळेत नेमणूक झाली, तर मुख्याध्यापकाचा चार्ज तिच्याकडे फार लवकर येऊ शकतो. तेव्हा ‘मला नको’ म्हणू नये, एवढी तयारी तिनं तुमच्याकडून घेऊन जावी. सोबत पदवीही पूर्ण करावी, म्हणजे पुढे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट शिक्षण सेवेत अधिकारी म्हणून जाण्याचा मार्ग मोकळा राहील.

एक गोष्ट तुमच्या दोघींसाठी. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ला निकाल दिला, की सेवेतल्या शिक्षकांनाही पदोन्नतीसाठी टीईटी लागेल, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर नोकरीत राहण्यासाठीही. तुमची झाली नसेल तर दोघींचा पेपर एकच, पहिला. बालमानसशास्त्र ती नुकतीच शिकली आहे, वर्गातली मुलं तुम्हाला पाठ आहेत. रात्री जेवणं झाली की एकाच टेबलाशी बसा, आणि भांडी त्या तासापुरती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घासावीत.