एमजीबीचं इंजिन बांधताना ओरिजिनल कॅम टाकावा की स्पोर्ट्स कॅम?

तुम्ही विचारलंय की एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिन पूर्ण उघडलंय, जुन्या कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, थोडक्यात कॅम) लोब म्हणजे उंचवटे झिजलेत आणि मित्र म्हणतायत आता उघडलंच आहे तर स्पोर्ट्स कॅम टाक. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर ओरिजिनल ग्राइंडचाच, म्हणजे लोबचा मूळ आकार असलेलाच टाका. पण कॅम कोणता यापेक्षा तो क्रँकच्या तुलनेत किती डिग्रीवर बसलाय हे जास्त महत्त्वाचं, आणि त्यावर कोणी बोलत नाही म्हणून एवढं लिहितोय.

माझ्या एमजीबीचं इंजिन मी आणि आमचे दाजी, दोघांनी मिळून बांधलं. दाजींचा हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यांना २८५ डिग्री ड्युरेशनचा (म्हणजे क्रँकच्या तितक्या डिग्री व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा) कॅम हवा होता, मी ओरिजिनल २५२ वाल्यावर अडून बसलो, गाडी माझी म्हणून तो आला. टायमिंग चेन आणि स्प्रॉकेट (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी आणि तिची दातेरी चाकं, ज्यांवर जुळवायच्या खुणा असतात) पण नवीन. मी म्हटलं डिग्री व्हील (क्रँकचा कोन मोजायची चकती) लावून बघूया, तर दाजी म्हणाले, "खुणेला खूण जुळली ना? मग? कंपनीने खुणा काय शोभेला मारल्यात?" आणि कव्हर लावून मोकळे झाले.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आयडलिंग पण छान, पण खालच्या आरपीएमला दमच नाही. साध्या चढावर तिसऱ्यात ओढेना, दुसरा टाकावा लागायचा. झालं, दाजींचा निकाल तयार: "स्टॉक कॅम असाच मेलेला असतो, मी आधीच सांगत होतो." चार लोकांत पण तेच सांगायचे, आणि ते मला लागलं, कारण हे तांत्रिकदृष्ट्याच उलटं आहे. मोठ्या ड्युरेशनचा कॅम खाली आणखी कमी ओढतो. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो, त्याचा फायदा मिळतो तो वरच्या आरपीएमला.

मी कॉम्प्रेशन गेज लावला. चारही सिलिंडरला कमी, पण चारही जवळपास सारखे. रिंग किंवा व्हॉल्व्ह लीक असता तर एखादा सिलिंडर वेगळा दिसला असता, सगळे एकसारखे खाली म्हणजे बहुधा व्हॉल्व्हच उशिरा बंद होतायत. कव्हर काढलं, पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो तो बिंदू) काढला आणि एक नंबरच्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारी काठी) डायल गेज ठेवला. लोबच्या शेंड्यावर गेज काही डिग्री हलतच नाही, त्यामुळे शेंडा डोळ्याने पकडायचा नसतो, दोन्ही बाजूंना सारख्या लिफ्टचे आकडे घेऊन मधला काढायचा. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे इनलेट टीडीसीच्या १६ डिग्री आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन अगदी खाली असतो तो बिंदू) ५६ ला बंद होतो, म्हणजे फुल लिफ्ट टीडीसीनंतर ११० डिग्रीला. माझा निघाला ११७! खुणा मात्र एकदम समोरासमोर. नव्या स्प्रॉकेटचा की-वेच (शाफ्टवर पक्कं बसवणाऱ्या कीची खाच) जरा सरकून कापलेला होता. ऑफसेट की, म्हणजे तेवढी फरक भरून काढणारी पायरीवाली की टाकून ११० वर आणला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि तोच चढ गाडी तिसऱ्यात चढली.

दाजी अजून म्हणतात रिंगा बसल्या म्हणून सुधारली. अहो, रिंगा हळूहळू बसतात, की बदलल्याबरोबर त्याच दिवशी बसत नाहीत. आणि त्यांचा तो २८५ वाला याच स्प्रॉकेटवर बसवला असता तर तोही ७ डिग्री उशिरा चालला असता, मग कोणाला दोष दिला असता?

आता हेडचं काम केलं असेल, कॉम्प्रेशन मूळच्या ८.८ वरून साडेनऊच्या वर नेलं असेल, तर २७०च्या आसपासचा सौम्य कॅम वाईट नाही, हे मान्य. पण मग आयडल थोडं वर ठेवावं लागेल, एसयू कार्ब्युरेटरच्या (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) सुया बदलाव्या लागतील, ब्रेक सर्व्हो असेल तर व्हॅक्युम कमी पडतोय का बघा, आणि जास्त लिफ्टला स्प्रिंगची कॉइल एकमेकांना भिडत नाही ना तेही तपासा. रेसिंगचं गणित वेगळं, ते यात धरू नका. कॅम कोणताही घ्या, टॅपेट (लोबवर टेकून वरखाली होणारे तुकडे) नवेच टाका, जुने टॅपेट नव्या लोबला खाऊन टाकतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलला सोडू नका, लगेच २००० च्या आसपास नेऊन वीसेक मिनिटं चालवा, ऑइल झिंकवालं.

आणि कव्हर बंद करायच्या आधी एक नंबरच्या इनलेटचा आकडा घेऊन लिहून ठेवा. ओरिजिनल कॅमला ११०च्या जवळ, दुसरा घेतला तर त्याच्यासोबत आलेल्या कार्डवर दिलेला. तो जुळत नसेल तर समोरचा कितीही अनुभवी असो आणि खुणा कितीही जुळलेल्या असोत, कव्हर लावू देऊ नका.