माळ काढून ठेवली, आता काय?

देवापुढे दारू सोडायची शपथ घेतली आणि मोडली, तर देव कोपतो का? व्यसनाच्या केसेस पाहताना हा प्रश्न मला पेशंटपेक्षा त्याच्या घरचेच आधी विचारतात. खान्देशात दारू सोडायची म्हटलं की डॉक्टरच्या आधी महाराज आठवतात. सप्ताहात, गावासमोर तुळशीची माळ घालायची. ही रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. ही गोष्ट मात्र माळ उतरवलेल्या माणसाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चोपडा तालुक्यातले केळी बागायतदार, चाळिशीचे. माळ घातल्यावर वर्षभर थेंब नाही, एकादशी चुकली नाही. मग चुलतभावाच्या लग्नात, हळदीच्या रात्री, मित्रांनी ग्लास पुढे केला. पिण्याआधी त्यांनी माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली. घरी आल्यावर ती देव्हाऱ्यात मूर्तीच्या मागे सरकवली, समोरून दिसू नये अशी. माझ्याकडे आले तेव्हा रोजचं पिणं आधीपेक्षा वाढलेलं होतं.

"आते मनं काय व्हई, ताई?" बसल्या बसल्या हेच विचारलं.

माझ्या मते शपथ मोडल्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या एका विचाराने केलं होतं. "मोडलीच आहे, मी देवाचा गुन्हेगार झालोच आहे, मग आता कशाला थांबू?" एक घसरण म्हणजे सगळंच संपलं, असं माणूस स्वतःच ठरवतो आणि त्या निकालाच्या आडोशाला पीत राहतो. व्यसनाच्या कामात ही जुनी ओळखीची वाट आहे. धर्माची भीती त्यात मिसळली की ती आणखी निसरडी होते.

त्यातच जूनमध्ये पावसाआधीचं वादळ आलं आणि त्यांची निसवलेली, घड बाहेर पडलेली बाग आडवी झाली. घरात सगळ्यांचं एकमत झालं, कोप झाला. मी विचारलं, "शेजारच्या बागेचं काय झालं?" तीही झोपली होती. तो शेजारी माळकरी, दर वर्षी वारी करणारा. यावर भाऊ पहिल्यांदा हसले. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात वादळ कुणाच्या गळ्यात काय आहे ते बघत नाही, हे केळीवाल्याला मी काय सांगणार?

खरी अवघड गोष्ट वेगळीच निघाली. माळ काढल्यावर वहिनींनी त्यांना नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. चार दिवसांत ती मोडली. पुढच्या महिन्यात मुलाला ताप आला तेव्हा आजी त्याच्यासमोरच बोलून गेली की हे बापाचं पाप. तेव्हापासून मुलगा अंग तापलं तरी सांगत नव्हता. शाळेतून आला की गोधडी घेऊन माळ्यावर जाऊन झोपायचा. कारण विचारल्यावर म्हणाला, "मग पप्पांना बोलतात."

वहिनींना मी स्पष्ट सांगितलं: लेकराच्या जिवाची शपथ कधीही घालू नका. देवाला दिलेला शब्द देणाऱ्याचा असतो. त्याचं तारण म्हणून पोराला ठेवायचा हक्क आई-बापालाही नाही. त्या रडल्या, आणि मग मला थोडं रागावूनच विचारलं, "म्हणजे शपथेला काही किंमतच नाही?"

किंमत आहे, म्हणून तर ती नीट घ्यायची. वारकऱ्याची माळ तुटली तर ती पुन्हा ओवून घातल्याशिवाय तो अन्नपाणी घेत नाही. तुटण्याची शक्यता त्या परंपरेने धरलेलीच आहे, आणि तुटल्यावर लगेच काय करायचं तेही सांगून ठेवलं आहे. तुमच्या यजमानांनी ओवायचं काम टाळलं, एवढंच.

पण आधी डॉक्टर. पहिल्या वेळी दारू एकदम बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, भिंतीवर किडे दिसत होते. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत असं होतं, फिटही येते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून या वेळी आठवडाभर दवाखान्यात ठेवून सोडवली. गोळ्यांनी व्रताला बाध येईल, अशी शंका आजींनी काढलीच. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यात पाणी, फळं, दूध आहे, गुरूचं वचन आहे आणि औषधही आहे. हे ऐकल्यावर आजी गप्प झाल्या आणि गोळ्यांची वेळ सांभाळायचं काम त्यांनीच घेतलं.

त्यानंतर भाऊंना ज्यांनी माळ घातली होती त्या महाराजांकडे पाठवलं. ते टाळत होते, लाज वाटत होती. पण ज्यांच्यापुढे शब्द दिला त्यांच्यापुढेच तो मोडल्याचं सांगायला हवं, यावर मी अडून बसले. महाराजांनी माळ लगेच दिली नाही. म्हणाले, आधी एकादशी धर, रोज हरिपाठाला येऊन बस, घाई नको.

तसं चाललं आहे. मध्ये पोळ्याच्या दिवशी एकदा घसरले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन केला, आणि संध्याकाळी हरिपाठाला गेले. पुढच्या आषाढीला मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर जायचं, तेव्हा माळ घालायची, असं त्यांनी ठरवलं आहे. वहिनींना ती आत्ताच गळ्यात हवी आहे. मी महाराजांच्या बाजूची.