धूळ ३.८, मर्यादा १०, शेरा 'समाधानकारक'

वाचकांचे प्रश्न : कामाच्या जागेची हवा

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला आहे. वय ३४, या कामात नऊ वर्षं झाली. ठेकेदाराकडून आहे, पण ईएसआय (कामगार विमा) कापतात. मागे एक मुलगा हवा तपासायला आला होता. दाराजवळच्या टेबलावर त्यानं यंत्र ठेवलं आणि तासाभरानं उचलून गेला. त्या दिवशी शॉट ब्लास्टिंग दुरुस्तीला होतं, मालही थोडाच होता. आता बोर्डावर कागद लागलाय : 'फेटलिंग विभाग, एकूण धूळ ३.८ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, मर्यादा १०, समाधानकारक.' मला सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. आम्ही तोंडाला रुमाल बांधतो. सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत गूळ वाटतात, गुळानं धूळ निघून जाते म्हणतात. शिफ्ट बारा तासांची असते. बायको म्हणते काम सोडा. कागद खरा धरायचा की खोकला?
– एक वाचक, ता. हातकणंगले (नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, खोकला खरा धरा. कागदही खोटा असेलच असं नाही. दाराजवळच्या टेबलावर, त्या तासाला, हवेत ३.८ मिलिग्रॅम धूळ असेलही. पण टेबलाला फुप्फुसं नसतात.

मी नोकरीभर हीच मोजणी केली, त्यामुळे ती कशी व्हायला हवी ते सांगते. पंप कामगाराच्या कमरेला बांधायचा, नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि फिल्टरची डबी कॉलरला अडकवायची, नाकापासून वीतभर अंतरात. पाळी सुरू होताना लावायची, सुटताना काढायची. बारीक धुळीसाठी डबीच्या तोंडाशी एक छोटं सायक्लोन असतं. ते जाड कण खाली पाडतं आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कणच फिल्टरवर जाऊ देतं. पंप मिनिटाला १.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे आठ तासांत ८१६ लिटर, घनमीटरपेक्षा थोडी कमी. फिल्टरचं वजन जेवढं वाढलं त्याला या हवेनं भागायचं. हिशेब एवढाच.

दिवसभर मी वही घेऊन जवळच उभी राहायची : स्विंग ग्राइंडरवर किती वेळ, छिन्नीवर किती, चहाला किती. लोकांना तो पंप नको व्हायचा. एका ग्राइंडरवाल्यानं जेवणानंतर तो सोडून खिळ्याला टांगला आणि कामाला लागला. संध्याकाळी शेजाऱ्याचा फिल्टर करडा आणि याचा जवळजवळ पांढरा. तो नमुना मी वजनाला पाठवलाच नाही. तुमच्या दाराजवळच्या टेबलाची किंमत मला त्या खिळ्याएवढीच वाटते. त्यात ब्लास्टिंग बंद, माल कमी. रोज जसं काम असतं तशा दिवशी मोजलं नाही, तर मोजलं कशाला?

आता त्या '१०'कडे या, कारण खरी गोम तिथं आहे. कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सिलिका असलेल्या धुळीला एकच ठरलेली मर्यादा नाही, सूत्र आहे. त्यातलं क्वार्ट्झ म्हणजे वाळूत असते ती सिलिका. एकूण धुळीसाठी : ३० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक ३). बारीक, म्हणजे श्वासातून खोल जाणाऱ्या धुळीसाठी : १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). पहिल्या सूत्रात क्वार्ट्झ शून्य घाला. ३० भागिले ३, उत्तर १०. म्हणजे ज्यानं बोर्डावर १० लिहिलं त्यानं फौंड्रीच्या धुळीत क्वार्ट्झ अजिबात नाही असं धरलं! साचा वाळूचा, कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू तुम्ही छिन्नीनं आणि ग्राइंडरनं काढता, आणि म्हणे क्वार्ट्झ शून्य.

फेटलिंगच्या धुळीत लोखंड असतं, ग्राइंडिंग व्हीलचा चुरा असतो, म्हणून क्वार्ट्झचं प्रमाण मूळ वाळूपेक्षा पुष्कळ कमी भरतं. नक्की किती ते प्रयोगशाळेत एक्स-रे डिफ्रॅक्शन करूनच कळतं. समजा ते १२ टक्के निघालं. मग एकूण धुळीची मर्यादा ३० भागिले १५, म्हणजे २ झाली. तुमचा तोच ३.८चा आकडा आता मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. कागद बदलला नाही, शेरा मात्र उलटला.

एवढ्यावर भागत नाही. ही मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी असते. बारा तास काम केलं की धूळ जास्त वेळ आत जाते आणि छातीला विसाव्याला मिळणारे तास कमी होतात. आमच्या धंद्यात यासाठी ब्रीफ आणि स्काला यांचं सूत्र वापरतात : ८ भागिले कामाचे तास, गुणिले उरलेले तास भागिले १६. बारा तासांना उत्तर येतं अर्धा. म्हणजे २ची मर्यादा तुमच्यासाठी १ धरायला हवी. हे सूत्र कायद्यात नाही, पण मी माझ्या अहवालात ते नेहमी घालायची.

आणि कायद्याची मर्यादा पाळली म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. १२ टक्के क्वार्ट्झला बारीक धुळीची मर्यादा येते ०.७१. तिच्यातली निव्वळ सिलिका काढली तर ०.०८५च्या आसपास. अमेरिकेत २०१६च्या नियमानं निव्वळ सिलिकेची मर्यादा ०.०५ केली. आपल्याकडे पास झालेली हवा तिथं नापास होते.

आता छातीचं. याच आठवड्यात ईएसआय दवाखान्यात जा आणि 'खोकला आहे' एवढंच सांगून गप्प बसू नका. 'फौंड्रीत फेटलिंगला नऊ वर्षं आहे, वाळूची धूळ आहे' हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. ते लिहिलं नसेल तर एक्स-रेत वरच्या भागात ठिपके दिसले की बहुतेक डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो. टीबीची थुंकी तपासणी करायचीच, कारण सिलिका असलेल्या छातीला टीबी लवकर धरतो आणि दोन्ही एकत्रही असतात. पण थुंकीत जंतू नसताना 'टीबीच असेल' म्हणून गोळ्या सुरू झाल्या तर विचारा : सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, का नाही? एक्स-रे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) पद्धतीनं, प्रमाण फिल्म शेजारी ठेवून वाचायला सांगा. जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या. फुंकून करायची स्पायरोमेट्री नॉर्मल आली तरी सुरुवातीचा सिलिकोसिस त्यावरून नाकारता येत नाही.

तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही. कोरड्या खोकल्याची आणि दम लागण्याची दहा कारणं असतात. मध्यम धुळीत हा रोग दिसायला सहसा दहा वर्षांहून जास्त लागतात, धूळ दाट असेल तर पाच ते दहा. तुमची नऊ झाली आहेत, म्हणून घाई करा म्हणते.

गुळाबद्दल. कोल्हापूरकडच्या माणसाला गुळाविरुद्ध काही सांगायचं म्हणजे धाडसच. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रात उंदरांवर एक प्रयोग झाला होता, १९९४ मध्ये छापून आला. त्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धूळ लवकर हललेली दिसली. त्या उंदरांच्या बळावर तुम्ही बारा तास ग्राइंडरवर उभं राहावं असं त्यात कुठंही नाही. गूळ खा, पण गूळ वाटून झाला म्हणजे धुळीचा बंदोबस्त झाला असं सुपरवायझरनं समजू नये.

रुमाल ओला केला तरी बारीक धूळ त्याला जुमानत नाही. आयएस ९४७३चा शिक्का असलेला एफएफपी-२ मास्क मागा, दोन पट्ट्यांचा, नाकावर दाबून बसणारा. दाढी वाढलेली असेल तर कडेनं हवा घुसते, तेव्हा ती काढावी लागेल. तरीही मास्कचा नंबर शेवटचा. आधी ग्राइंडरच्या मागं धूळ ओढणारा हुड हवा आणि तो चालतो का हे बघायला यंत्र लागत नाही. हुडच्या तोंडाशी, तुमचा कास्टिंग जिथं असतो तिथं, पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत गेला तर ठीक. वर गेला, किंवा तुमच्या तोंडाकडे आला, तर तो हुड भिंतीला लावलेलं पत्र्याचं खोकं आहे. मी पाहिलेल्यांपैकी बरेच तसेच होते : डक्टला भोक, बॅग फिल्टर तुंबलेला, नाहीतर पंखा उलटा फिरणारा.

आणि पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकण्याची सवय आजपासून बंद. दिवसभराची कपड्यांत बसलेली धूळ दोन मिनिटांत नाकासमोर उडते. कपडे तिथंच बदलून पिशवीत न्या आणि घरी वेगळे भिजवा. जमिनीवरची धूळ कोरडी झाडायची नाही, व्हॅक्यूमनं ओढायची किंवा आधी पाणी शिंपडायचं.

काम सोडण्याबद्दल वहिनींची काळजी बरोबर आहे, फक्त क्रम बदला. आधी तपासणी आणि कागद, मग निर्णय. ठेकेदाराकडचा माणूस काम सोडून गेला की तो फेटलिंगला होता हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. ईएसआय कार्ड, पगाराच्या पावत्या, हजेरीचे फोटो जपून ठेवा. ईएसआयमध्ये सिलिकोसिस कामामुळे झालेला रोग धरतात आणि त्यावर अपंगत्वाचा लाभ मिळतो. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची आरोग्याची नोंद ठेवणं व ती त्याला बघू देणं मालकावर बंधनकारक झालं. आता त्या कायद्याच्या जागी कामगार सुरक्षेची २०२०ची नवी संहिता आली आहे, पण सिलिकोसिस नोंदवायच्या रोगांच्या यादीत तेव्हाही होता, आताही आहे. मोजणीचा अख्खा अहवाल लेखी मागा, बोर्डावरची एक ओळ नको. नमुना कुणाच्या अंगावर घेतला, किती तास, क्वार्ट्झ किती टक्के, एवढं विचारा. नाही मिळालं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.

तोवर फेटलिंगमधून दुसरीकडे बदली मागून बघा. एक्स-रेत काही निघालं तर मात्र त्या दिवसापासून धुळीत पाऊल नको, पगार कमी झाला तरी. हा रोग बरा करणारं औषध नाही, आणि तो धूळ सुटल्यावरही वाढू शकतो.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये काम करते, साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) तिथं होतात. संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना दिव्यांभोवती निळसर कडी दिसतात, सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळी तपासलं, डोळे उत्तम म्हणाले. मग मला दिसतं ते काय?
– एक वाचक, ता. करवीर

उत्तर : ताई, तुमच्याकडे कोल्ड बॉक्स कोअर होत असणार. त्यात वाळूतलं रेझिन घट्ट करायला अमाइनची वाफ सोडतात, माशासारखा किंवा अमोनियासारखा वास येतो तीच. ती डोळ्यांना लागली की बुबुळावरचा पारदर्शक पडदा किंचित सुजतो, आणि पाळी संपत आली की दिव्यांना कडी दिसू लागतात. बाहेर पडल्यावर काही तासांत सूज उतरते. म्हणून सकाळी डॉक्टरांना काही सापडलं नाही. पाळी सुटल्या सुटल्या जा आणि केमिकलचं नाव सांगा. ते ड्रमवर आणि सोबतच्या सुरक्षा पत्रकावर असतं.

डोळा बहुतेक वेळा पूर्ववत होतो, तरी कडी दिसत असताना स्कूटी चालवू नका, कुणाच्या तरी मागं बसून जा. कडी दिसणं याचा अर्थ मशीनच्या सीलमधून वाफ गळतेय, किंवा ती धुऊन काढणाऱ्या स्क्रबरमधलं आम्ल संपलंय. देखभालवाल्याला पहिल्यांदा या दोनच जागा बघायला सांगा. ताजे कोअर उघड्यावर तुमच्याच शेजारी रचून ठेवत असतील तर त्यातूनही वाफ येत राहते, ती रॅक पंख्याखाली हलवा. धुळीचा मास्क इथं कामाचा नाही, वाफ त्यातून आरपार जाते.

त्याच रेझिनमध्ये आयसोसायनेटही असतं. रात्री खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटत असेल, तर डोळ्यांचं राहू द्या, आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा.