दिवा नको, झाड दिसायला हवे

प्रश्न : घरासमोर ३० बाय २० फुटांची बाग आहे. मध्ये १५ फुटी कडुनिंब, कोपऱ्यात संत्र्याचे झाड, कुंपणालगत मोगरा आणि फाटकापासून ओट्यापर्यंत गट्टूंची वाट. छतावर ५० वॅटचा फ्लडलाइट लावला, पण बाग खेळाच्या मैदानासारखी दिसते. नेमके काय लावावे? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : फ्लडलाइटचा उजेड समोरून आणि वरून पडतो, त्यामुळे सावल्याच उरत नाहीत. झाडाला गोलाई येते ती सावलीमुळे. ती गेली की कडुनिंब सपाट दिसणारच. तो दिवा काढून टाका.

खरेदीआधी एक टॉर्च घ्या. अंधार पडल्यावर एकाने नेहमीच्या खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने झाडाखाली टॉर्चची जागा बदलत राहायची. बसलेल्याच्या डोळ्यांवर झगझग आली की ती जागा बाद. जी जमेल तिथे खुंटी ठोका. दोन संध्याकाळी यात गेल्या तरी चालेल, पुढची निम्मी खरेदी वाचते.

कडुनिंबाला ७ वॅटचे दोन स्पॉट, ३६ अंशांच्या झोताचे, खोडापासून दोन फुटांवर. दोन्ही समोर लावू नका. एक पुढून डावीकडे, दुसरा मागून उजवीकडे. मग खोडाची एक कड अंधारात राहते आणि सालीच्या भेगा उठून दिसतात. संत्र्याचे तसे नाही. त्याचा घेर खालपासून दाट, त्यामुळे खोडाशी ठेवलेल्या दिव्याचा उजेड खालच्या पानांतच अडकतो आणि वर काळोख. ६० अंशांचा, ५ वॅटचा एकच दिवा घेराबाहेर दोन-तीन फुटांवर ठेवून झाडाकडे वळवा. मोगऱ्याला ३ वॅट भरपूर झाले, पांढरी फुले थोड्या उजेडातही दिसतात. वाटेला दोन फूट उंचीचे, उजेड फक्त खाली सोडणारे ३ वॅटचे चार बोलार्ड, एकाच बाजूने सात-सात फुटांवर. समोरासमोर लावले की विमानाची धावपट्टी होते.

उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर ठेवा. ६५०० च्या निळसर पांढऱ्या उजेडात पाने मलूल दिसतात आणि पावसाळ्यात किडेही जास्त येतात.

सगळे मिळून ३४ वॅट झाले. रोज चार तास लावले तर ड्रायव्हरमध्ये (घरच्या २३० व्होल्टचे दिव्याला लागणारे कमी व्होल्ट करणारा डबा) वाया जाणारी वीज धरून महिन्याला साडेचार-पाच युनिट. ड्रायव्हरवर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त भार टाकू नये, म्हणून ६० वॅटचा घ्या; पुढे एखादा दिवा वाढवताही येतो. दिवे आणि ड्रायव्हर २४ व्होल्टचे घ्या, १२ चे नकोत. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची केबल २० मीटर गेली आणि सगळा भार टोकाला धरला, तर १२ व्होल्टमधले जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातात आणि शेवटचे दिवे मंद पडतात. २४ व्होल्टमध्ये ही घट पाऊण व्होल्टाच्या आत राहते.

ड्रायव्हरचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. मे महिन्यातल्या ४५ अंशांत, वरून ऊन खाल्लेल्या डब्यात आतले कपॅसिटर लवकर सुकतात. उत्तरेच्या भिंतीवर छज्ज्याखाली, जमिनीपासून दोन फूट वर, आणि कूलरचे पाणी ठिबकते त्या बाजूपासून दूर.

प्रश्न : बागेतले दिवे थेट २३० व्होल्टवर आहेत. पहिला पाऊस पडला की आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, तो काढून टाकू. काढावा का? (हिंगणा रोड, नागपूर)

उत्तर : अजिबात काढू नका. ओल्या मातीत अनवाणी उभ्या माणसाला वाचवणारे तेवढेच एक साधन आहे. तो ३० मिलिॲम्पियरचाच असावा आणि धातूच्या खांबांना अर्थिंग असावे.

दोष बहुधा जमिनीतल्या जोडात सापडेल. काळ्या टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो, टेप सुटते, पावसाचे पाणी आत शिरते आणि तारेच्या बारीक धाग्यांमधून पुढे सरकत दिव्यापर्यंत पोचते. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि ताणून टाकलेली केबल जोडावर ओढली जाते. दुसरी जागा म्हणजे दिव्याचे ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली आवळणारी बूच. तापलेल्या दिव्यावर गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि सैल ग्लँडमधून ओल आत खेचते.

मेन स्विच बंद करून सगळे दिवे सोडवा, मग केबलचा एकेक तुकडा ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेवरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) तपासून घ्या. १ मेगओहमच्या खाली आला तो तुकडा बदला. नवी केबल दीड फूट खोल चरात, तळाशी तीन इंच वाळू टाकून, पीव्हीसी पाइपातून न्या आणि प्रत्येक दिव्याशी फूटभर वेटोळे मोकळे ठेवा. जोड जमिनीत नकोच. तो भिंतीवर फूटभर उंचीवरच्या आयपी ६५ (धूळ-पाणी आत न येऊ देण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या डब्यात करा. ग्लँड खालच्या बाजूला ठेवा आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

प्रश्न : सौर दिवे लावले तर तार ओढण्याची गरज नाही. ते चालतील का? (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : वाटेच्या कडेला, उघड्यावर चालतील. झाडाखाली नाही, कारण पॅनेल दिव्याच्या डोक्यावरच असते आणि सावलीत ते भरत नाही. पॅनेल वेगळे असलेला संच घेतलात तर ते दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांनी कलते ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची, बदलता येणारी बॅटरी पाहूनच घ्या. आपल्या उन्हाळ्यात बॅटरीच आधी जाते. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते रात्रभर टिकतील, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. बोअरच्या पाण्याने बाग शिंपत असाल तर पॅनेलवर पांढरा थर बसतो. दर महिन्याला सकाळी, काच गार असताना, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसा.