एमडी बंद केल्यावर भाऊ झोपून असतो, रडतो, संशय घेतो: माझा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुमचा भाऊ वीकेंडला एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, घ्यायचा, आता बंद केलंय, दिवसभर झोपतो, उठला की अधाशासारखा खातो, जबडा दुखतो, रडतो आणि शेजारचे माझ्याबद्दलच बोलतायत म्हणतो. मी सोडलं तेव्हा माझं डिट्टो असंच होतं. खाणंपिणं तुम्ही बघतच असाल, ते सांगत बसत नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या केसपेपर खिडकीने. आईने बिचारीने खरं काय ते सांगितलं, तर आतला माणूस मान वर न करता म्हणाला, 'ही पोलीस केस आहे, आधी चौकीतून चिठ्ठी आणा.' मागे लाईन, सगळे बघतायत, आईने फाईल पिशवीत कोंबली आणि आम्ही घरी. त्यानंतर कित्येक महिने घरात कोणी डॉक्टरचं नाव काढलं नाही, मी झोपेसाठी मित्राकडून अल्प्राझोलामच्या गोळ्या घेत राहिलो आणि मग त्याचीही सवय लागली. अजून आठवलं की डोकं फिरतं. स्वतःहून ओपीडीत उपचार घ्यायला अशी कुठलीच चिठ्ठी लागत नाही हो! मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात आहे हे खरं, पण त्याच कायद्याचं कलम ६४ए स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमधून सूट देतं, अट एवढीच की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, खात्री करून घ्या. पण खिडकीवर फक्त 'मानसोपचार ओपीडी' एवढंच सांगा, बाकीचं आत डॉक्टरला, आणि तिथे काहीही लपवू नका.

झोप आणि भूक आधी ताळ्यावर येते, मनाची मरगळ मात्र काही आठवडे रेंगाळते, कशातच मजा वाटत नाही, आणि नेमकं तेव्हाच 'एकदाच घेतो' सुरू होतं. दारू-गांजासारखं 'थोडं थोडं कमी कर' इथे सांगू नका. शेजाऱ्यांवरचा त्याचा संशय मात्र थांबून बघू नका, ह्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. मरायचं बोलला तर त्याच दिवशी, एकटं सोडू नका, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लागतो. व्यसनासाठी वेगळी १४४४६ आहे.

आणि 'घरून उचलून नेतो, सहा महिने भेटायचं नाही' म्हणणाऱ्या व्यसनमुक्ती सेंटरवाल्यांना दारात उभं करू नका, माझं मत आहे पण ठाम आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारखी जुनी, नावाजलेली जागा आधी बघा.

छातीत दुखलं किंवा धडधडलं तर कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात एमडीचं नाव आणि शेवटचं कधी घेतलं ते सांगा, औषध त्यावरून ठरतं. जबड्याचं म्हणाल तर तो दात आवळून आवळून दुखतो, दातांच्या डॉक्टरकडून रात्री लावायचा गार्ड करून घ्या, माझ्या दोन दाढा तशाच झिजल्यात.