‘झाड माझ्या वॉर्डातलं होतं, मॅडम’

मे महिना संपत आला आणि वळवाचे दोन-चार तडाखे बसले की महापालिकांच्या उद्यान विभागातली माणसं समुपदेशनाला येऊ लागतात. कोणी माळी, कोणी मुकादम, कोणी उद्यान निरीक्षक. स्वतःहून येणारे थोडे, बहुतेकांना बायको नाहीतर मुलगी घेऊन येते. तक्रार असते झोपेची, चिडचिडीची, छातीत धडधडण्याची. थोडं बोलतं केलं की खालून एकच धास्ती निघते: कितीही झाडं तपासली तरी एखादं पडणार, कोणाला तरी लागणार आणि ते माझ्यामुळे असणार. काहींच्या बाबतीत हे घडून गेलेलं असतं.

पुढची हकिगत अशाच एका गृहस्थांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, एक-दोघांचे अनुभव एकत्र केले आहेत आणि कित्येक भेटी थोडक्यात आणल्या आहेत. त्यांना आपण नुसतं मुकादम म्हणू.

वळवाच्या एका संध्याकाळी त्यांच्या वॉर्डातला जुना गुलमोहर मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. खाली उभ्या असलेल्या रिक्षाचा चुराडा झाला, चालकाचा पाय मोडला. माणूस वाचला, पायही पुढे बरा झाला. खात्याची चौकशी झाली, मुकादमांवर ठपका आला नाही. पण तेव्हापासून रात्री पाऊस वाजायला लागला की ते उठायचे, बॅटरी घ्यायचे, स्कूटर काढायचे आणि वॉर्डभर फिरून यायचे.

“शंभरदा सांगितलं यांना, अहो, तुमची चूक नाही,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

हे वाक्य प्रेमाचं असतं आणि बहुधा निरुपयोगी ठरतं. समोरच्याला झाडातलं कळतं, धीर देणाऱ्याला कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे धीर तासभर पुरतो आणि मग पुन्हा मागावा लागतो. मी सहसा धीर देत नाही. प्रश्न विचारते.

“रात्री बॅटरी मारून काय बघता?”

“झाड उभं आहे का ते.”

“उभं असेल तर?”

“घरी येतो.”

“मग?”

“मग वारा वाढतो.”

पुढच्या भेटीत मी त्यांना म्हटलं, मला झाड तपासायला शिकवा. पडलेल्या खांद्यांचा तो माणूस खुर्चीत सरसावून बसला. “आधी वर बघायचं नाही, मॅडम. सगळे वर बघतात. आधी जमीन बघायची.”

मग त्यांनी जे सांगितलं ते उद्यान विभागात नव्याने लागलेल्या कोणीही जपून ठेवावं. जमिनीला बुंध्याभोवती अर्धगोल भेग पडली आहे का, एका बाजूची माती उचलली आहे का, पेव्हर ब्लॉक वर आलेत की खचलेत. नंतर बुंध्याचा तळ: तिथे अळंबी उगवली असेल तर आत कुजणं सुरू आहे. लाकडी हातोडीने ठोकत बुंध्याभोवती फिरायचं. भरीव लाकूड टणटणीत वाजतं, पोकळ लाकूड ढोलासारखं. पोकळी दिसली म्हणून झाड लगेच धोकादायक ठरत नाही. भोवती निरोगी लाकडाचं कडं किती जाड उरलंय ते बघायचं. त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर काळजीचं. मग खोड: उभी चीर, किंवा दोन जाड फांद्या इंग्रजी व्हीसारख्या अरुंद फुटल्या असतील आणि मध्ये साल चेपली गेली असेल तर तो सांधा वाऱ्यात फाटतो. शेवटी वर: वाळलेल्या फांद्या, अडकून लोंबणारी फांदी, बांडगूळ. आणि हे सगळं झाल्यावर झाडाकडे पाठ करून खाली काय आहे ते बघायचं. बागेच्या मधोमध असलेलं झाड आणि बसथांब्यावर झुकलेलं झाड, दोघांचा दोष सारखाच असला तरी आधी बसथांब्याचं.

“यातलं रात्री बॅटरीच्या उजेडात किती दिसतं?”

ते जरा हसले. “काहीच नाही.”

रात्रीची फेरी झाडासाठी नव्हती, स्वतःची धडधड शमवण्यासाठी होती. ती शमली की मेंदू एवढंच शिकतो: फेरी मारली म्हणून वाचलो. पुढच्या पावसात तो दुप्पट जोराने उठवतो. अशा फेऱ्यांनी धास्ती पोसली जाते, हे मी गॅसचं बटण दहादा बघणाऱ्यांपासून मुलाला दर तासाला फोन करणाऱ्यांपर्यंत बघत आले आहे.

तीच धास्ती दिवसा करवतीत उतरली होती. अपघातानंतर मुकादम झाडं जरुरीपेक्षा जास्त छाटून घेत होते, शेंडे उडवून नुसते खुंट ठेवत होते. त्याचा परिणाम काय होतो, हे त्यांनीच मला सांगितलं. शेंडा उडवला की खुंट वरून कुजायला लागतो. त्याच्या कडेने भराभर फुटवे येतात, पण ते फक्त वरच्या थरात रुजलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वाऱ्यात सालीसकट निसटतात. रीतसर छाटणीत एका वेळी पाव घेराहून जास्त पाला काढत नाहीत. जड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खालून, बुंध्यापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी खाली पडताना बुंध्याची साल सोलून नेत नाही. तिसरा उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंठ असतो त्याच्या लगत बाहेरून. कंठ कापला तर जखम नीट मिटत नाही. लांब खुंट ठेवला तरी तेच.

“हे सगळं माहीत असून शेंडे का उडवता?”

“उंच काही उरलंच नाही तर पडणार काय?” म्हणाले, आणि आपलंच वाक्य ऐकून थांबले.

तिथून आम्ही त्या गुलमोहराकडे वळलो. मुकादमांनी नोकरीत पडलेल्या झाडांचे ढीगभर पंचनामे लिहिले होते. या झाडाचा मात्र त्यांनी लिहिला नव्हता, दुसऱ्याने लिहिला होता. मी कागद पुढे केला: हे झाड दुसऱ्या वॉर्डातलं आहे असं समजा आणि तुम्ही लिहा. त्यांनी खाली मान घालून, कचेरीच्या भाषेत, एकटाकी लिहिलं. फुटपाथच्या आतल्या बाजूला, झाड आणि कुंपणभिंत यांच्या मधून दोन वर्षांपूर्वी केबलसाठी चर खणलेला, बुंध्यापासून दीड फुटावर. त्या बाजूची आधारमुळे तुटलेली. वरून पेव्हर ब्लॉक बसवलेले, बुंध्यापर्यंत सिमेंट. रहिवाशांच्या अर्जांवरून खिडक्यांकडच्या फांद्या दरवर्षी काढल्याने झाडाचा भार रस्त्याकडे. वळवाचा वारा भिंतीच्या बाजूने. झाडाला मागून ओढून धरणारे मूळ उरलेले नाही.

झाड तर शेवटपर्यंत हिरवंगार होतं, फुललेलंही. यात नवल नाही. पानांना पाणी बारीक मुळं पुरवतात, झाडाला उभं धरतात ती जाड मुळं. एका बाजूची जाड मुळं गेली तरी उरलेली बारीक मुळं पाला कित्येक वर्षं हिरवा ठेवू शकतात. बुंध्याचा व्यास 60 सेंटिमीटर असेल तर त्याच्या तिप्पट अंतरात, म्हणजे 1.8 मीटरच्या आत खोदाई झाली की आधाराला धक्का बसू शकतो, असं जाणकार धरून चालतात. इथे ती अर्ध्या मीटरवर झाली होती. बुंध्याभोवती निदान 1 मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत बजावलं होतं. आपल्या शहरांतल्या किती फुटपाथांवर ती दिसते, हे ज्याने त्याने घराबाहेर पडून बघावं.

पंचनामा लिहून झाल्यावर मी म्हटलं, “आता सोळा आणे धरा. कोणाचे किती, ते लिहा. तुमचे सगळ्यात शेवटी.”

हा क्रम मी मुद्दाम ठेवते. अपराधी वाटणारा माणूस स्वतःपासून सुरुवात करतो आणि सगळा हिस्सा तिथेच संपवतो. मुकादमांनी बराच वेळ घेतला. चर खणणाऱ्यांना आणि त्यांच्यावर देखरेख नसण्याला 6 आणे. खिडक्यांसाठी एकांगी छाटणीचा आग्रह धरणाऱ्यांना आणि ती मंजूर करणाऱ्यांना 3. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटला 2. वाऱ्या-पावसाला 3. कागदावर बेरीज केली: चौदा.

“राहिले दोन,” ते म्हणाले.

“ते कशाचे?”

उत्तर यायला वेळ लागला. एप्रिलच्या पाहणीत भिंतीकडचे ब्लॉक खचल्याचं त्यांना दिसलं होतं. वरिष्ठांच्या कानावर त्यांनी ते घातलंही होतं, पण तोंडी. लिहून दिलं नव्हतं. हे त्यांनी घरी, चौकशीत, कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी तर सोळाच्या सोळा डोक्यावर घेऊन फिरतोय.”

अशा वेळी समुपदेशकाला मोह होतो तो ते दोन आणेही पुसून टाकायचा. ‘तोंडी सांगितलं होतं ना, मग झालं.’ मी तो टाळते, आणि हे सगळं वळण त्या टाळण्यावर उभं होतं असं मला वाटतं. हिस्सा शून्य आहे, हे त्या माणसाचं मन मानत नाही, कारण त्याला एप्रिलमधले ब्लॉक आठवत असतात. सोळा आणे म्हटलं की हातपाय गळतात. दोन आण्यांचं मात्र काहीतरी करता येतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीकडे माझा ओढा आहे तो यासाठीच: वाईट वाटणं काढून टाकायचं नसतं, ते खऱ्या मापाचं करायचं असतं. दोन आण्यांची हळहळ माणसाला कामाला लावते.

मुकादमांचे दोन आणे सरळ होते. जे दिसेल ते लिहून द्यायचं. झाडाचा क्रमांक आणि ठिकाण, तारीख, नेमकं काय दिसलं, दोन फोटो (एक पूर्ण झाडाचा, एक दोषाचा जवळून), काय करायला हवं आणि किती दिवसांत. दोन प्रती, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक. ‘झाड धोकादायक वाटते’ असं मोघम लिहू नये. ‘भिंतीकडील बाजूस ब्लॉक दोन इंच खचले, चर बुंध्यापासून दीड फूट’ असं लिहावं. वृक्षतोडीची परवानगी 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण यांच्या हातात असते. मुकादमाचं काम त्यांच्यापर्यंत नेमकी माहिती पोचवण्याचं. कागद पुढे हलला नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. तिथे त्याचा हात संपतो. हात कुठे संपतो हे कागदावर दिसलं की रात्री डोकं त्याच्या पलीकडे धावायचं हळूहळू कमी करतं.

फेऱ्यांचंही असंच माप ठरवलं. पावसाळ्याआधी वर्दळीच्या जागा आधी धरून पाहणी. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी उजेडात एक फेरी. रात्री फक्त आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा फोन आला तर. बॅटरी घरात ठेवायची नाही, बागेच्या चौकीवर. पहिल्या काही रात्री वाईट जातात, हे मी आधीच सांगून ठेवते. उठून जावंसं वाटणं चढतं, अगदी असह्य होतं आणि काही न करताही उतरतं. ते आपोआप उतरतं हे शरीराने स्वतः अनुभवावं लागतं. पत्नीला एवढंच सांगितलं, की ‘चूक नाही’ म्हणू नका. ‘उद्या उजेडात बघाल ना?’ असं विचारा.

त्या रिक्षाचालकाला भेटावं का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. चौकशी सुरू असेल तर आधी खात्याला विचारावं. एरवी, त्याची विचारपूस करायला जायचं असेल तर जावं. त्याने माफ केलं असं म्हणावं म्हणून जायचं असेल तर थांबावं. मोडक्या पायाच्या माणसावर आपलं समाधान करण्याचं काम टाकू नये.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. अपघाताला महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, करवतीचा आवाज आला की दचकायला होतं, त्या रस्त्याने जाणं टाळलं जातं, दारू वाढली आहे, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, यातलं काही असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर कधीही, फुकट आणि मराठीत बोलते.

अधीक्षक आणि निरीक्षकांसाठी एक गोष्ट. झाड पडून कोणाला लागलं की त्या गटातल्या माणसांना दुसऱ्याच दिवशी लिफ्टच्या गाडीवर चेनसॉ देऊन चढवू नका. ज्याने रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नाही, त्याच्या हाताखालची साखळी फांदीवरून उसळायला क्षण लागत नाही. आठवडाभर त्याला जमिनीवरचं काम द्या: आळी करणं, दोर धरणं, रहदारी अडवणं. पडलेल्या झाडाचा पंचनामा करताना त्याला सोबत न्या, आणि मुळं कुठे तुटली होती ते त्याच्या डोळ्यांनी बघू द्या.