पडद्याआडची हंसपदिका आधी ऐक

अगं, जुन्या नाटकातल्या एखाद्या बाईवर नाटुकलं लिहायचंय म्हणतेस, तर पहिल्याच झटक्यात शकुंतला किंवा ‘एकच प्याला’तली सिंधू घेऊ नकोस. त्यांना भरपूर बोलायला मिळालंय. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकातल्या पाचव्या अंकातली हंसपदिका बघ. ती दुष्यंत राजाची राणी, पण राजा तिला विसरलाय. ती पडद्याआडून एक गाणं म्हणते, राजा विदूषकाला तिची समजूत काढायला पाठवतो, आणि बाई संपली! रंगमंचावर येतच नाही. मग विदूषक गेल्यावर तिच्या दालनात काय झालं? तुझं नाटुकलं तिथंच आहे की.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- मूळ संहिता दोनदा वाच. ती कुठं गप्प आहे तिथं खूण कर.
- एकच प्रसंग, दहा मिनिटं. अख्खा जन्म सांगायला बसू नकोस.
- तिला भाषण देऊ नकोस. नवे लोक हमखास इथंच घसरतात (मीही घसरलोय). देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली इंदिराकाकू, म्हणजे शारदेची आई, १८९९ची आहे, तिच्या तोंडी आजचा अग्रलेख शोभत नाही.

बोली मात्र आपली चालेल. शाकुंतल मराठीत गायला लावणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. खानापूर-निपाणीकडची बाई जशी मध्येच कन्नड शब्द टाकते, तसा टाकू दे तिला. पदं, नेपथ्य नंतर बघू. पहिला खर्डा आईला मोठ्यानं वाचून दाखव.